डेनिस पॉटर: टीव्हीसाठी लिहिणाऱ्याला 'नाटककार' का म्हणायचं?

कोपऱ्यातला_प्रेक्षक
डेनिस पॉटरबद्दल (१९३५–१९९४) कुठेही वाचा, 'टेलिव्हिजन नाटककार' असंच लिहिलेलं असतं. पटकथाकार नाही, मालिकालेखक नाही. आपल्याकडे मालिका लिहिणाऱ्याला कोणी नाटककार म्हणत नाही. म्हटलं तर त्यालाच चेष्टा वाटेल. बरं, मुळात रंगमंचासाठी म्हणून पॉटरने लिहिलेलं 'सफिशियंट कार्बोहायड्रेट' (१९८३) सोडलं तर फारसं काही नाही. 'ब्रिमस्टोन अँड ट्रीकल', 'सन ऑफ मॅन' वगैरे नंतर रंगमंचावर गेली, पण जन्म टीव्हीतलाच.

तर दोन प्रश्न. हा शब्द त्याला का चिकटला? आणि ज्याने त्याचं काहीच पाहिलेलं नाही त्याने सुरुवात कुठून करावी? दुसऱ्याबद्दल माझं मत आधीच सांगून टाकतो: 'द सिंगिंग डिटेक्टिव्ह' पहिलं पाहू नये. बहुतेक जण तिथूनच सुरू करतात आणि दुसऱ्या भागात गळतात.

पोहे_विदाऊट_शेंगदाणे
जागा धरून ठेवतो. चहा टाका कोणीतरी.

तिसरी_घंटा
पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या काळच्या बीबीसीच्या कामाच्या पद्धतीत आहे. 'द वेन्सडे प्ले' (१९६४–७०) आणि त्यानंतर 'प्ले फॉर टुडे' (१९७०–८४) या मालिका नव्हत्या, चौकटी होत्या. दर आठवड्याला नवं स्वतंत्र नाटक, नवा लेखक, नवी पात्रं, आणि साधारण सव्वा-दीड तासात विषय संपला. नाटक आधी लेखकाकडून मागवलं जाई, दिग्दर्शक नंतर ठरे. त्यामुळे नाव लेखकाचं मोठं.

शिवाय ते बनायचंही नाटकासारखं. आधी तालीम: रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावून खोल्यांच्या भिंती आखलेल्या. काही आठवड्यांनी ते सगळं उचलून टेलिव्हिजन सेंटरच्या स्टुडिओत, आणि तिथे हातात दोन-तीन दिवस. चार-पाच कॅमेरे एकाच वेळी चालू, वरच्या कंट्रोल रूममधून दिग्दर्शक कॅमेरा बदलत जाणार. रात्री दहाला दिवे बंद, मग प्रसंग अर्धा राहिलेला असो. मोजूनमापून, न अडखळता लांब प्रसंग करणारे नट लागायचे. म्हणजे रंगभूमीवरचेच.

यात अडायचं कुठे, तर संकलनात. टेप दोन इंच रुंद. सुरुवातीला ती खरोखर कापून जोडावी लागे, आणि कापलेली टेप पुन्हा वापरायला तितकीशी भरवशाची राहत नसे. म्हणून कमीत कमी तुकडे. बाहेरचं चित्रण १६ मिमी फिल्मवर. त्यामुळे त्या काळच्या नाटकात पात्र दारातून बाहेर पडलं की चित्राचा पोतच बदलतो. आत गुळगुळीत, बाहेर दाणेदार. आजच्या प्रेक्षकाला हे खटकतं. 'पेनीज फ्रॉम हेवन' पाहताना पहिली दहा मिनिटं डोळ्यांना हेच सवयीचं करून घ्यावं लागतं.

रेवा
म्हणजे आपल्या मुंबई दूरदर्शनवर स्टुडिओत नाटकं व्हायची तसंच की.

तिसरी_घंटा
@रेवा, साधनं जवळपास तीच. पण तिथे बरीचशी नाटकं रंगभूमीवरून उचलून कॅमेऱ्यासमोर मांडलेली असायची. पॉटरचं नाटक कॅमेऱ्यासाठीच लिहिलेलं असतं. 'स्टँड अप, नायजेल बार्टन' (८ डिसेंबर १९६५) घ्या. शाळेतला वर्ग, आणि बाकावर नायजेल म्हणून बसलाय तिशीतला कीथ बॅरन, अर्ध्या चड्डीत. पुढच्याच क्षणी तोच ऑक्सफर्डमध्ये, मग खाणकामगार बापाच्या घरी. रंगमंचावर अशा उड्या घेता येतात, पण त्याचा चेहरा इतक्या जवळून दाखवता येत नाही.

खटपट्या
एक मिनिट. पॉटरचं चरित्र कोणीतरी थोडक्यात टाका की राव. सगळ्यांना सगळं माहीत आहे असं धरून चाललंय.

कोपऱ्यातला_प्रेक्षक
बरोबर आहे, माझीच चूक. घ्या.

जन्म १७ मे १९३५, बेरी हिल, ग्लॉस्टरशरमधलं फॉरेस्ट ऑफ डीन. सेव्हर्न आणि वाय या दोन नद्यांच्या मधला जंगलपट्टा, कोळशाच्या खाणी, प्रार्थनामंदिरं, पितळी वाद्यांची पथकं. वडील खाणकामगार. सक्तीच्या लष्करी सेवेत रशियन शिकला आणि युद्ध खात्याच्या कचेरीत कारकुनी केली. पुढे ऑक्सफर्डचं न्यू कॉलेज. १९६० मध्ये बीबीसीसाठी आपल्याच गावावर 'बिट्वीन टू रिव्हर्स' हा माहितीपट. नंतर 'डेली हेरल्ड'मध्ये पत्रकारी आणि टीव्ही समीक्षा. १९६४ मध्ये पूर्व हर्टफर्डशरमधून मजूर पक्षातर्फे उभा राहिला आणि पडला. त्याआधीच, साठीच्या सुरुवातीला, सोरायसिस आणि सांध्यांचं दुखणं सुरू झालं होतं. सभा, दौरे आता जमणार नव्हते. घरी बसून होईल असं काम म्हणजे लिहिणं. पहिलं नाटक 'द कॉन्फिडन्स कोर्स', १९६५. त्याच वर्षी एकूण चार नाटकं प्रसारित झाली.

निवडणुकीचा अनुभव 'व्होट, व्होट, व्होट फॉर नायजेल बार्टन'मध्ये उतरला. ते जून १९६५ मध्ये दाखवायचं ठरलं होतं. ऐन वेळी मागे घेतलं, दुरुस्त्या झाल्या आणि १५ डिसेंबरला लागलं. म्हणून 'स्टँड अप' गोष्टीतही आधीचं आणि दाखवलंही आधी गेलं, पण लिहिलं गेलं नंतर.

पोहे_विदाऊट_शेंगदाणे
पडलेल्या उमेदवाराने नाटक लिहावं हा पायंडा आपल्याकडे पडला तर थिएटरं पुरायची नाहीत.

जुनी_तबकडी
गाण्यांकडे कोणी येईना म्हणून मीच येते.

पॉटरचं नाव निघालं की 'ती ओठ हलवायची गाणी' एवढंच लोकांना आठवतं. 'पेनीज फ्रॉम हेवन' (१९७८, सहा भाग) मध्ये आर्थर पार्कर हा १९३०च्या दशकातला गाण्यांच्या छापील नोटेशनचा फिरता विक्रेता आहे. बॉब हॉस्किन्सने केलाय. संसार नासलेला, धंदा बेताचा, पण गाण्यात जे म्हटलंय ते कुठेतरी खरं असणारच यावर त्याची श्रद्धा. आणि मध्येच तो तोंड उघडतो, तर त्या काळची मूळ तबकडी वाजू लागते, खरखरीसकट.

आपण लगेच म्हणतो, 'हात्तिच्या, हे तर प्लेबॅक.' तसं नाही. प्लेबॅकची सगळी धडपड आवाज नटाचाच वाटावा म्हणून असते. पॉटरला तो नटाचा वाटायलाच नको आहे. पहिलंच गाणं 'द क्लाउड्स विल सून रोल बाय'. आवाज एल्सी कार्लाइल या गायिकेचा आणि ओठ हॉस्किन्सचे. पुरुषाच्या तोंडून सरळ बाईचा आवाज! तिथेच कळतं की हा भास लपवायचा नाहीच मुळी.

नांदीवाला
बालगंधर्वांनी स्त्रीचं रूप घेऊन आमच्या आजोबांच्या पिढीला रडवलं, तेव्हा त्यांना इंग्लंडची उदाहरणं लागत नव्हती.

जुनी_तबकडी
@नांदीवाला, हो, पण त्यांचा आवाज त्यांचाच होता. संगीत नाटकात पात्राच्या मनात जे दाटून येतं ते पदात येतं. पद हा त्या पात्राचाच उद्गार. पॉटरच्या पात्रांना स्वतःचा असा उद्गार सापडत नाही, म्हणून ती बाजारात मिळणाऱ्या गाण्यावर वेळ भागवतात. फरक तिथे आहे.

तंत्राचं थोडं सांगते, कारण हे दिसतं तेवढं सोपं नाही. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू म्हणजे सुमारे तीन मिनिटं. त्या काळच्या नाचाच्या वाद्यवृंदांत गाणारा बऱ्याचदा सुरुवातीला गायचाच नाही. आधी वाद्यांवर पूर्ण चाल, मग मध्ये गायकाचा एक तुकडा, मग पुन्हा वाद्यं. म्हणजे तीन मिनिटांत ओठ हलवायला मिनिट-सव्वा मिनिटच. उरलेल्या वेळात नटाने काय करायचं? एकतर नाच बसवा, नाहीतर तबकडी कापा. कापली तर चाल कुठे तुटली ते कान पकडतो.

चित्रणाच्या वेळी तबकडीवरून घेतलेली टेप मोठ्याने लावतात. बाहेर फिल्मवर चित्रण असेल तर टेपयंत्र आणि कॅमेरा एकाच वेगाने धावायला हवेत, त्यासाठी टेपवर वेगाचा वेगळा संकेत भरलेला असतो. तो नसेल तर गाणं संपेपर्यंत ओठ मागे पडतात. सेकंदाला २५ चित्रं असतात, त्यातली दोन-तीन इकडेतिकडे झाली तरी डोळा पकडतो. सगळ्यात आधी प, ब, म वर उघडं पडतं, कारण तिथे ओठ मिटलेच पाहिजेत. आणि नवखा नट हमखास करतो ती दुसरी चूक म्हणजे श्वास. गायिकेने जिथे श्वास घेतला तिथे नटाची छाती हलली नाही, तर ओठ कितीही जुळोत, माणूस बाहुला दिसतो.

रेवा
आणि चेहरा? विनोदी केला की संपलं असेल.

जुनी_तबकडी
अगदी. 'बघा, मी गंमत करतोय' असा भाव आला की प्रसंग मेला. हॉस्किन्स ते शब्द मनापासून मानतो, म्हणून बघवतं.

अमेरिकेत १९८१ मध्ये स्टीव्ह मार्टिनला घेऊन याचाच सिनेमा झाला. पटकथा पॉटरचीच, ऑस्करचं नामांकनही मिळालं. नाचकाम अप्रतिम आहे, सेट डोळे दिपवणारे. पण तिथे पात्राच्या डोक्यातली गाणी एमजीएमच्या जुन्या संगीतपटांसारखी मोठी, चकचकीत होतात. टीव्हीवर आर्थर त्याच कोंदट खोलीत उभा राहून गातो आणि खोली तशीच राहते, फार तर दिवे बदलतात. सिनेमा आपटला. वर एमजीएमने हक्क घेतल्यामुळे मूळ मालिका बरीच वर्षं पुन्हा दाखवताच आली नाही.

खटपट्या
शेवटी त्याला फाशी होते ना, मग परत कसा येतो ते कोणी सांगेल का? ते काही पटलं नाही.

पोहे_विदाऊट_शेंगदाणे
अरे देवा. मी आजच पहिला भाग लावणार होतो.

खटपट्या
१९७८ ची मालिका आहे हो. किती वाट बघायची?

कोपऱ्यातला_प्रेक्षक
इथून पुढे शेवट सांगणार असाल तर आधी इशारा द्या ही विनंती. (खटपट्या, गाणं संपलं तरी तबकडी पुन्हा लावता येते. पटो न पटो, उत्तर तेवढंच.)

डॉ_फणस
'द सिंगिंग डिटेक्टिव्ह' (१९८६) आधी पाहू नये हे धागाकर्त्याचं मत मला अमान्य. फक्त आजाराची थोडी माहिती हवी, मग ते अवघड वाटत नाही.

निरोगी त्वचेची पेशी तळातून वर येऊन गळायला साधारण महिना घेते. सोरायसिसमध्ये तेच चक्र तीन-चार दिवसांत उरकतं. कच्च्या पेशींचे थर साचतात, खपल्या धरतात, भेगा पडतात. पॉटरला सोरायटिक संधिवातही होता. बोटं सुजून आत वळतात, मूठ उघडत नाही. तशा हाताने तो पेन धरून लिहायचा. आणि आजार सगळ्या अंगावर पसरला की त्वचेचं एक मोठं काम बंद पडतं, शरीराचं तापमान राखणं. रुग्ण एकदा थंडीने कुडकुडतो, एकदा तापाने फणफणतो. अंगाला सतत चोपडलेलं मलम त्वचेतलं पाणी धरून ठेवायला आणि भेगा कमी करायला असतं.

आता मालिका बघा. रहस्यकथा लिहिणारा फिलिप मार्लो (मायकेल गॅम्बन) इस्पितळाच्या खाटेवर पडलाय, मान वळवायची चोरी. पहिल्या भागाचं नाव 'स्किन', दुसऱ्याचं 'हीट'. ताप चढला की भास सुरू होतात आणि गाणी येतात. डॉक्टरांचा ताफा त्याच्या खाटेभोवती उभा राहून औषधांची नावं जपासारखी घेतो, आणि तिथूनच सगळा वॉर्ड 'ड्राय बोन्स'वर नाचायला लागतो. हे गाणं वरून चिकटवलेलं नाही. आधी ताप, मग नाच, असा सरळ वैद्यकीय क्रम आहे.

(सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही. मालिकेचा विषय नाही, पण आपल्याकडे आजही सांगावं लागतं.)

तिसरी_घंटा
डॉक्टरसाहेबांना अनुमोदन. नवख्यांना सोपं जावं म्हणून थर सुटे करून सांगते. एक, १९८६ चा वॉर्ड. दोन, मार्लोच्या जुन्या कादंबरीतलं १९४५ चं लंडन, तिथे तोच गायक-गुप्तहेर आहे. तीन, युद्ध संपतानाच्या जंगलपट्ट्यातलं त्याचं बालपण. चार, बायको निकोला आपल्याला फसवतेय असं तो मनात रचतो ती गोष्ट. पहिल्या दोन भागांत हे वेगवेगळे राहतात, नंतर एकमेकांत झिरपतात.

झिरपताना ओळखायची खूण म्हणजे नट. पॅट्रिक मॅलहाइड तीन भूमिकांत आहे: गावातला रेमंड बिनी, कादंबरीतला मार्क बिनी आणि बायकोचा कथित यार मार्क फिनी. आडनावंसुद्धा मार्लोने एकाच खुंटीवरून उतरवलीत. हे लक्षात आलं की मार्लो लेखक म्हणून काय करतोय तेही कळतं. लहानपणी ज्या माणसाने घात केला, त्याला तो पुढे आयुष्यभर वेगवेगळ्या गोष्टींत घालून मारतोय.

आणि एक. दिग्दर्शक जॉन अमील याने पॉटरकडून पुनर्लेखन करून घेतलं. पहिल्या खर्ड्यापेक्षा पडद्यावरचं बरंच घट्ट आहे. हे पुढे 'ब्लॅकआइज'च्या वेळी उपयोगी पडेल म्हणून नोंदवून ठेवते.

खटपट्या
मी विरुद्ध बाजू घेतो, कारण इथे आरतीच चाललीय.

पॉटर स्वतःलाच पुन्हा पुन्हा लिहितो. 'स्टँड अप'मध्ये लहान नायजेल वर्गातलं डॅफोडिल चोरतो आणि आळ दुसऱ्या पोरावर ढकलतो. बाई आणि सगळा वर्ग त्या पोरावर तुटून पडतात. २१ वर्षांनी 'सिंगिंग डिटेक्टिव्ह'मध्ये पुन्हा तेच: बाईंच्या टेबलावर घाण, खोटा आळ, तसाच वर्ग. जुन्या गाण्यांवर जगणारा माणूस 'मूनलाइट ऑन द हायवे'मध्ये (१९६९) आला होता, तो १९३०च्या दशकातला गायक अल बोली याच्या तबकड्यांचा भक्त. त्याचाच पुढे आर्थर पार्कर झाला. घरात शिरणारा गोडबोल्या सैतानही एकापेक्षा जास्त नाटकांत. आणि बायका? एकतर देवी, नाहीतर वेश्या.

जुनी_तबकडी
बायकांबद्दलचा मुद्दा मान्य, तिथे बचाव करणार नाही. पुनरावृत्तीचा मान्य नाही. डॅफोडिलच्या प्रसंगात अपराध आहे, टेबलाच्या प्रसंगात त्याचा परिणाम. ज्या पोरावर आळ आला तो पुढे आयुष्यातून उठला, हे मार्लो शेवटी उच्चारतो. नायजेल तसं काही उच्चारत नाही. एकच बंदिश दोनदा गायली म्हणून तिला पुनरावृत्ती म्हणायचं का?

तिसरी_घंटा
आणि हे सगळं आत्मचरित्र समजायची चूक बऱ्याच जणांनी केलीय. मेरी व्हाइटहाउस या टीव्हीतल्या 'अश्लीलते'विरुद्ध मोहीम चालवणाऱ्या बाईंनी तर रेडिओवर सांगून टाकलं की पॉटरने लहानपणी आईला परपुरुषाबरोबर पाहिलं होतं. ते मार्लोचं बालपण होतं, पॉटरचं नव्हे! पॉटरच्या आईने दावा लावला आणि बीबीसी व 'द लिसनर' या साप्ताहिकाकडून भरपाई घेतली. आजार खरा, गाव खरं, शाळा खरी, आणि गोष्ट रचलेली. तोही मुद्दाम लोकांना चकवायचा, हे मात्र खरं.

रेवा
ते बंदी आलेलं नाटक कोणतं?

तिसरी_घंटा
'ब्रिमस्टोन अँड ट्रीकल'. चित्रण पूर्ण झालेलं, १९७६ च्या एप्रिलमध्ये दाखवायचं ठरलेलं. बीबीसीचे अ‍ॅलस्डेर मिल्न यांनी पाहिलं आणि थांबवलं. लेखन-निर्मिती उत्तम, पण किळसवाणं, असा त्यांचा शेरा. अपघातानंतर वाचा आणि भान गेलेल्या मुलीच्या घरात एक सभ्य तरुण शिरतो, आईबापांचा विश्वास मिळवतो आणि तिच्यावर बलात्कार करतो. अडचण बलात्काराची कमी आणि शेवटाची जास्त होती. पुढचं सांगत नाही, पोहेसाहेब चिडतील. १९७७ मध्ये रंगमंचावर, १९८२ मध्ये स्टिंगला घेऊन सिनेमा, आणि मूळ टीव्ही नाटक ऑगस्ट १९८७ मध्ये. अकरा वर्षांनी.

बंदी परवडली, कारण टेप शिल्लक राहिली. 'द कॉन्फिडन्स कोर्स' आज उपलब्धच नाही. दोन इंची टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती, म्हणून कार्यक्रम एक-दोनदा दाखवून झाला की ती नव्या चित्रणाला जाई. 'मेसेज फॉर पॉस्टेरिटी' (१९६७) तसंच गेलं. नावच 'भावी पिढ्यांना निरोप'! १९९४ मध्ये ते संहितेवरून नव्याने करावं लागलं.

पोहे_विदाऊट_शेंगदाणे
भावी पिढी: निरोप मिळाला नाही, कृपया पुन्हा पाठवा.

एकांकिकावाला
थोडं अवांतर, पण कामाचं. 'ब्लू रिमेम्बर्ड हिल्स' (३० जानेवारी १९७९) मराठीत बसवायला कसं आहे? सात पात्रं, एका दुपारची गोष्ट, असं वाचलंय.

तिसरी_घंटा
अवांतर कसलं? पॉटरचं हे एक नाटक रंगमंचावर सगळीकडे होतं, आणि नवख्याने सुरुवातही इथूनच करावी असं माझं मत आहे. १९४३ चा उन्हाळा, सात वर्षांची सात मुलं, पाच मुलगे आणि दोन मुली. सगळ्या भूमिका मोठ्या नटांनी करायच्या. टीव्हीवर हेलन मिरन, कॉलिन वेलंड, मायकेल एल्फिक वगैरे मंडळी चड्ड्या-फ्रॉक घालून शेतात पळताना दिसतात.

बिघडतं ते नेमकं पुढच्या ठिकाणी. नट बोबडं बोलायला लागतात. मुलं स्वतःला लहान समजत नाहीत, ती पूर्ण गांभीर्याने भांडतात, म्हणून आवाज आपलाच ठेवायचा. बदलायचं ते शरीर आणि लक्ष: एका जागी स्थिर न राहणं, वाक्य अर्ध्यात सोडून दुसऱ्या गोष्टीकडे वळणं, थुंकी, नाक, खाज. दुसरं, नेपथ्यात झाडं उभी करू नका. एक उतार आणि एक धान्याचं कोठार पुरे. पण कोठाराचं दार खरं हवं, बाहेरून दाबून धरता येईल असं, कारण सगळा शेवट त्या दारावर आहे. आग दाखवायच्या भानगडीत पडू नका. धूर, प्रकाश आणि दारामागचा आवाज एवढ्यावर भागतं. तिसरं, पहिली वीस मिनिटं प्रेक्षक हसणार. हसू द्या. डोनाल्डला सगळे 'डोनाल्ड डक' म्हणून छळतात तिथे हसू आपोआप आटत जातं. ते आटवायला नटांनी काही करायचं नाही.

आणि प्रयोग जाहीर करण्याआधी भाषांतराची आणि प्रयोगाची अशी दोन्ही लेखी परवानगी हक्कदारांच्या एजंटाकडून घ्या. एकात दुसरी धरलेली नसते.

एकांकिकावाला
मोठी मदत झाली. भाषेचं काय करावं? मुलं गावठी इंग्रजी बोलतात.

नांदीवाला
मालवणी घ्या! कुठलंही पोर मालवणीत भांडलं की नाटक पडायची भीती नाही.

कोपऱ्यातला_प्रेक्षक
@एकांकिकावाला, फॉरेस्ट ऑफ डीनच्या बोलीत 'दी', 'दाऊ' ही जुनी एकेरी सर्वनामं टिकून राहिली. प्रमाण इंग्रजीत 'तू' उरलेलाच नाही, तिथे होता. गावकऱ्यांचं अभिवादन 'हाउ बिस्ट, ओल्ड बट', म्हणजे 'कसा आहेस गड्या'. त्यामुळे मराठीत एकेरी अगदी नैसर्गिक बसतं. बोली कोणतीही घ्या, पण सातही जणांची एकच हवी, आणि ती नटांची रोजची असेल तर उत्तम. उसनी बोली आली की मुलं संपतात आणि नकला सुरू होतात.

तो पट्टा तसा वेगळाच आहे. सेंट ब्रियाव्हल्सच्या हद्दीत जन्म, वयाची २१ वर्षं पूर्ण आणि खाणीत एक वर्ष एक दिवस काम, एवढं भरलं की तिथल्या माणसाला स्वतःची खाण खोदायचा परंपरागत हक्क मिळतो. मालक आणि मजूर एकाच माणसात. पॉटरच्या ताठ मानेचं मूळ तिथे शोधायचा मोह होतो. गंमत म्हणजे 'ब्लू रिमेम्बर्ड हिल्स'चं चित्रण मात्र डॉर्सेटमध्ये झालं. शेवटी कवी ए. ई. हाउसमनची कविता ऐकू येते तो आवाज खुद्द पॉटरचा.

खटपट्या
'ब्लॅकआइज'चं काय झालं? मघाशी नोंदवून ठेवलं होतंत.

तिसरी_घंटा
१९८९, चार भाग. या वेळी लिहिणारा पॉटर, दिग्दर्शन करणारा पॉटर आणि वरून निवेदनाचा आवाजही पॉटरचा. बाईला वस्तू बनवणाऱ्या पुरुषांवर टीका करायची होती. पण कॅमेराच तिच्याभोवती लांबच लांब घिरट्या घालतो, आणि टीका कुठे संपली व टक लावून बघणं कुठे सुरू झालं ते कळत नाही. वृत्तपत्रांनी 'डर्टी डेन' म्हणून झोडपला. 'नाही' म्हणणारा अमील शेजारी नव्हता, एवढंच माझं निदान.

डॉ_फणस
शेवटच्या महिन्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं निदान झालं, तो यकृतात पोचलेला. गाठीला त्याने 'रूपर्ट' नाव ठेवलं, माध्यमसम्राट मर्डॉकवरून. मार्चमध्ये टीव्ही मुलाखतकार मेल्विन ब्रॅगला मुलाखत दिली, ती ५ एप्रिलला चॅनल फोरवर लागली. हातात सिगारेट, शेजारी द्रवरूप मॉर्फीनची बाटली. दुखणं वाढलं की मध्ये थांबून घोट घेतो आणि तोडलेल्या वाक्यावर परत येतो. खिडकीबाहेरच्या झाडाचा बहर पूर्वी नुसता बहर दिसायचा, आता इतका पांढरा बहर कधी पाहिलाच नव्हता असं वाटतं, हे तो तिथेच बोलला.

मॉर्फीन जास्त घेतलं तर वेदना जाते आणि डोकं बधिर होतं, कमी घेतलं तर डोकं चालतं आणि वेदना लिहू देत नाही. या दोहोंच्या मधल्या पट्टीत बसून त्याने 'कॅरिओकी' आणि 'कोल्ड लॅझरस', प्रत्येकी चार भाग, पूर्ण केले. पत्नी मार्गारेट हीसुद्धा कर्करोगाने आजारी होती. ती २९ मे रोजी गेली, तो ७ जूनला.

जुनी_तबकडी
आणि मुलाखतीतच त्याने मागणी केली की ही दोन नाटकं बीबीसी आणि चॅनल फोर या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून करावीत. १९९६ मध्ये तसंच झालं. 'कॅरिओकी' आधी बीबीसीवर, 'कोल्ड लॅझरस' आधी चॅनल फोरवर, आणि दोन्ही दुसऱ्या वाहिनीवर पुन्हा. दोन्हींत अल्बर्ट फिनी लेखक डॅनियल फील्ड. दुसऱ्यात तर २३६८ साली त्याचं गोठवलेलं डोकंच उरलंय, आणि त्यातल्या आठवणी काढून प्रक्षेपित करून पैसा करायचा बेत एक माध्यमसम्राट रचतोय. नाटक म्हणून दोन्ही सैल आहेत. लिहून झाल्यावर पुनर्लेखन करायला लेखकच नव्हता.

रेवा
त्याची मुलगी क्रिकेटपटू होती ना?

जुनी_तबकडी
हो, सेरा पॉटर. ऐंशीच्या दशकात इंग्लंडच्या महिला संघाकडून कसोटी सामने खेळली.

नांदीवाला
चला, आता हा धागा आमच्या घरातही वाचला जाईल.

खटपट्या
मूळ प्रश्न राहिलाच. रंगभूमी होती, सिनेमा होता, मग टीव्हीच का धरून बसला?

तिसरी_घंटा
कारण थिएटरात त्याचे वडील गेले नसते. त्याने हे वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा मांडलंय: खाणकामगार आणि ऑक्सफर्डचा प्राध्यापक एकाच रात्री एकच नाटक पाहू शकतील अशी जागा टीव्हीच. वाहिन्या दोन-तीनच असताना ते शक्यही होतं. १९९३ मध्ये एडिंबरातल्या टीव्ही महोत्सवात दिलेल्या मॅक्टॅगर्ट व्याख्यानात बीबीसीचा तेव्हाचा महासंचालक जॉन बर्ट याला त्याने घशातून घरघरणारा डालेक ('डॉक्टर हू' मालिकेतला यंत्रासारखा खलनायक) म्हटलं, ते याच रागातून. हिशेबतपासनीसांच्या हाती गेलेल्या संस्थेत लेखकाकडून एकेकटं नाटक मागवणारा कोणी उरत नाही. 'प्ले फॉर टुडे' १९८४ मध्ये संपलंच होतं. चौकट गेली, आणि 'टेलिव्हिजन नाटककार' ही जातही गेली. पॉटरनंतर तो शब्द नव्या लेखकाला लावलेला क्वचितच दिसतो.

कोपऱ्यातला_प्रेक्षक
मग माझा पहिला प्रश्न सुटला. दुसऱ्यासाठी धाग्यावरून बांधलेला क्रम: 'ब्लू रिमेम्बर्ड हिल्स', मग 'स्टँड अप, नायजेल बार्टन', मग 'पेनीज'चे सहा भाग सलग नव्हे तर दिवसाला एक, मग 'सिंगिंग डिटेक्टिव्ह'. डॉक्टरांचा आक्षेप नोंदवला आहे. 'ब्लॅकआइज' सगळ्यात शेवटी, किंवा नाहीच.

पोहे_विदाऊट_शेंगदाणे
'पेनीज'चा पहिला भाग पाहिला. शेवट माहीत असूनही त्या माणसासाठी जीव तुटतो. पण तो आवाज बाईचा आहे हे आधी वाचलं नसतं तर टीव्ही बिघडला म्हणून रिमोट आपटला असता.